निकालाची जागल

धान पिवळं पडलं की माझी झोप उडते. घरचे म्हणतात, वय झालं तुझं. झालंच आहे, त्यावरून मी कुणाशी भांडत नाही. पण हे दुखणं जुनं आहे. ब्रह्मपुरीपासून कोसभरावर आमचं गाव. दिवाळी उलटली की बांध्यांमधलं, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांमधलं, धान लोंब्यांनी वाकायचं आणि रात्री जंगलातून रानडुकरांचे कळप उतरायचे. सगळ्या पावसाळ्याची मेहनत एका रात्रीत तुडवून जायचे. म्हणून घरटी एक माणूस जागलीला जायचा, म्हणजे शेतात लाकडाचा माळा बांधून रात्रभर पिकाची राखण करायचा. आम्ही तिघी बहिणीच. मी थोरली, त्यामुळे बाबांसोबत माळ्यावर जायचा मान माझा.

मान कसला, थंडीनं दात वाजायचे. खाली तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, शेकोटी धुमसत असायची, धूर डोळ्यांत जायचा आणि पाठीला गार वारा लागायचा. बाबा बोलके नव्हते. मधूनमधून पत्र्याचा डबा बडवायचे आणि अंधारात लांब हाळी द्यायचे. पलीकडच्या माळ्यावरून तशीच हाळी परत आली की कळायचं, शेजारचा जागा आहे. मी एकदा विचारलं, डुकरं अजून आली कशी नाहीत? बाबा म्हणाले, "ते रातभर येत नाई, बाई. पहाटे येते. तुहा डोळा लागाची वाट पाह्यते." डुकराची भीती मला कधी वाटली नाही. पण अंधारात बसून कुणीतरी माझ्या झोपेची वाट बघतंय, याची वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आता मी ब्रह्मपुरीत एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. खोलीच्या मागच्या खिडकीतून बांध्या दिसतात. या आठवड्यात कापणी लागली. कापलेल्या धानाचा ओलसर, गोडसर वास रात्री खिडकीतून आत येतो आणि मी उठून बसते. बाहेरच्या खोलीत जाते, टीव्हीसमोर बसते, पण तो लावत नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत मी एक अख्खी रात्र टीव्हीपुढे जागून काढली. काय बघत होतीस, असं लोक विचारतात. अमेरिकेतल्या निवडणुकीचा निकाल, असं सांगितलं की हसतात. हसण्यासारखंच आहे. जिला स्वतःच्या गावचा सरपंच कोण झाला ते दुसऱ्या दिवशी चक्कीवर दळण टाकताना कळतं, तिनं साता समुद्रापलीकडच्या मतमोजणीसाठी डोळे फोडून घ्यावेत, याला काय म्हणायचं.

पण आमचं पोट तिकडे बांधलेलं होतं. पोट म्हणते ते सवयीनं. खरं म्हणजे जोगीच्या गोळ्या तिकडे बांधलेल्या होत्या.

जोगी हे तिचं खरं नाव नाही. आजाऱ्याचं नाव चारचौघांत घेऊ नये, हे आम्हाला शिकवलेलं आहे. गावाचं नावही सांगत नाही. वीसेक घरांचं गाव, नाव सांगितलं की माणूस ओळखू येतो. मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात, एका फिरत्या दवाखान्यात होते. एक पांढरी गाडी, तिचे ड्रायव्हर देवाजीभाऊ, मी, आणि तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरात आमचं ऑफिस सांभाळणारे एक तरुण डॉक्टर. ज्या गावांना बस जात नाही ती गावं आमची. रोज एक वाट. बुधवारची वाट जोगीच्या गावाची.

तिला क्षय झाला होता, आणि तोही साध्या गोळ्यांना न जुमानणारा. त्याचं औषध दीड वर्ष घ्यायचं. गोळ्या सरकारी, फुकट; पण त्या जंगलातल्या गावापर्यंत न्यायच्या, एक खेप डोळ्यांदेखत गिळायला लावायची, बाकीच्या दिवसांच्या पुड्या बांधून द्यायच्या, वजन बघायचं, ओकारी होते का विचारायचं, हे काम आमच्या गाडीचं. आणि गाडी चालायची ती अमेरिकेतून येणाऱ्या मदतीवर. औषध मधेच सुटलं तर हा रोग उलटतो, आणि उलटला की त्याच्यापुढे टाकायला आपल्या हातात फार काही उरत नाही. वर तो खोकल्यातून घरातल्यांना लागतो, आणि लागतो तोही तसाच, न जुमानणारा. हे मी जोगीला इतक्यांदा सांगितलं होतं की मी गाडीतून उतरले की तीच माझ्या आवाजात म्हणायची, "एक बी दिवस चुकवाचं नाई." आणि स्वतःच हसायची.

त्या गोळ्यांनी तिची कातडी काळवंडली होती. तोंड, हात, सगळं तांबूस काळं. गावातल्या बाया म्हणत, हिला कुणीतरी काही केलं. मी सांगितलं, हा औषधाचाच रंग आहे, रंग आहे तोवर औषध अंगात आहे असं समज. तिला ते पटलं. दर बुधवारी ती हात पुढे करून मला दाखवायची. त्या दिवाळीला बरोबर नऊ महिने झाले होते तिचे, नऊ राहिले होते.

निवडणुकीचं पहिल्यांदा डॉक्टरांनी सांगितलं. पोळा झाला होता, आम्ही ऑफिसच्या ओट्यावर पुड्या बांधत बसलो होतो. ते म्हणाले, तिकडे सरकार बदललं तर बाहेरच्या देशांची मदत बंद होऊ शकते. देवाजीभाऊंनी पुडी बांधता बांधता विचारलं, "सायेब, तिथी कोन निवडून येते त्याच्यावर आपल्या गाडीचं डिझेल हाये?" डॉक्टर म्हणाले, हो, तसंच समजा. देवाजीभाऊंनी पुडीला गाठ मारली. मग म्हणाले, "बापा, हे त लयच लांबून बांधलं." मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे बरेच दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. इतकी वर्षं आम्ही कुणी विचारलंच नव्हतं की ही गाठ एवढ्या लांब का मारली, आणि तिकडच्या माणसाचा हात चुकून लागून ती सुटली तर इकडे कोण पडेल.

निकालाच्या रात्री आम्ही तिघंही ऑफिसातच थांबलो. टीव्ही आतल्या खोलीतून ओटीवर आणला. मी खिचडी टाकली. थंडी पडली होती, अंगणात देवाजीभाऊंनी तणस आणि काटक्या पेटवल्या. तेही धानपट्ट्यातलेच, नागभीडकडचे. जागलीची सवय त्यांच्याही अंगात. त्यांनी पाळ्या लावल्या. दोघांनी जागायचं, एकानं तास दीड तास पडायचं, काही झालं तर उठवायचं. डॉक्टर नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेले, त्यांना याची मोठी गंमत वाटली. रात्री अकरापर्यंत ते आम्हाला समजावत होते, कुठलं राज्य मोठं, कुठे अटीतटी. नकाशा निळा आणि लाल अशा दोन रंगांनी भरणार होता; निळा जिंकला तर मदत चालू राहणार होती.

"निळं म्हंजे आपलं नं?" देवाजीभाऊंनी विचारलं. ते आणि मी, दोघंही बौद्ध घरातले. त्यांच्या गाडीच्या काचेपुढे निळी झेंडी कायम असायची.

डॉक्टर हसले. "भाऊ, तिकडच्या निळ्याचा आणि आपल्या निळ्याचा काही संबंध नाही."

"असू द्या नं सायेब. रंग त तोच हाये."

लाल रंगाबद्दल कुणी काही बोललं नाही. त्या भागात अंधार पडल्यावर तो शब्द मोठ्यानं उच्चारायची कुणाला सवय नाही.

नऊ वाजता तिथला रस्ता झोपतो. राहतात ते ट्रक. सूरजागडच्या डोंगरातून लोखंडाचा दगड भरून येणारे, एकामागून एक, रात्रभर. ते गेले की ओट्याची फरशी थरथरायची, टीव्हीवरची बाई क्षणभर हलायची आणि पुन्हा बोलू लागायची. मधेच लाइन गेली. आम्ही अंधारात बसलो. शेकोटी खाली बसली होती. बाभळीवर पिंगळा बोलू लागला. देवाजीभाऊ म्हणाले, "आमी नाई मानत हे." आणि मान वळवून झाडाकडे पाहत राहिले. मीही नाही मानत. पण त्या तास दीड तासात मला सारखं वाटत होतं की कुठल्या तरी मोठ्या उजेडाच्या हॉलमध्ये माणसं टेबलांवर मतपत्रिका मोजतायत, आणि त्या ढिगात कुठेतरी जोगीचं नाव आहे, आणि ते कुणी वाचत नाहीये.

लाइन आली तेव्हा टीव्हीवरची बाई तेच सांगत होती. एक वाजला, दोन वाजले. रांगा दाखवत होते. माणसं कोट घालून, हातात कॉफी घेऊन रांगेत उभी. ऊन पडलेलं. मी त्या उन्हाकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. मग डोक्यात लख्ख झालं.

"डॉक्टर, तिथं ऊन आहे."

"हो."

"म्हणजे तिथं अजून दिवस आहे. मतदान चालूच आहे. मोजणी तिथं रात्र झाल्यावर. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, बोटांवर तास मोजले आणि कपाळावर हात मारला. रात्री निकाल, असं त्यांनी वाचलं होतं. कुणाची रात्र, ते कुणी बघितलंच नव्हतं. मी शाळेत भूगोलात पहिली यायची. रेखावृत्तं मला तोंडपाठ होती. आम्ही तिघं शहाणी माणसं सहा तास रिकाम्या बांधीची राखण करत बसलो होतो. देवाजीभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. पण हसून झाल्यावर कुणी झोपायला गेलं नाही. आता बसलोच आहोत तर बसू, असं म्हणालो, आणि साडेचारच्या सुमाराला तिघांचाही डोळा लागला.

मी जागी झाले ती ट्रकच्या आवाजानं. उजाडत होतं. टीव्ही चालूच होता. नकाशा भरायला लागला होता आणि त्यात लाल जास्त होता. डॉक्टर ताठ बसले होते, पांघरूण खांद्यावरून खाली पडलेलं. मला बाबांचं ते 'पहाटे येते' आठवलं. बुधवार होता. जोगीच्या गावची वाट. साडेसहाला निघालो नाही तर नाल्याच्या पलीकडची दोन घरं शेतावर निघून जातात. डॉक्टर म्हणाले, तुम्ही जा, मी बघतो.

पुढच्या रस्त्यावर मोबाईलला टॉवर नाही. त्या वाटेवर एकच चढण अशी आहे की तिच्या माथ्यावर, एका मोहाच्या झाडाखाली, टॉवर धरतो. येणारा जाणारा तिथं थांबतो, हात उंच करून मोबाईल धरतो. जाताना आम्ही थांबलो नाही. आम्ही एकमेकांना तसं काही म्हणालो नाही, पण देवाजीभाऊंनी गाडी हळू केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मी समोर बघत राहिले. गाडी चढून गेली.

जोगी शेतातच होती. तिचंही धान वाकलेलं. तिच्याही डोळ्यांत झोप होती. रात्रभर ती डुकरांसाठी जागली होती. तिची पोरगी माळ्यावर झोपली होती, एक पाय खाली लोंबत. जोगीनं गोळ्या एकेक करून गिळल्या, तोंड वाकडं केलं, हात पुढे करून रंग दाखवला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमी बी रातभर जागले?"

मी हो म्हणाले.

"तुमच्या घरी त धान नाई. कायले जागले?"

आता हिला काय सांगावं. देवाजीभाऊंनीच सांगितलं, दूरच्या देशात मतदान होतं, तिथले लोक आपल्या गाडीला मदत पाठवतात, तिथला मोठा माणूस बदलला तर गाडी बंद पडंन का काय, म्हणून पाहून राह्यलो होतो. जोगी ऐकत होती. तिला मराठी पुरतं समजतं, पण उत्तर द्यायला ती वेळ घेते. मग तिनं देवाजीभाऊंना नाही, मला विचारलं, "गाडी बंद होईन, बाई?"

तिची भीती मला दिसली. ती मोठी नव्हती, थोडीशीच होती, कपाळावर आठी पडते तेवढी. आणि तेवढीही मला बघवेना. मी म्हणाले, "नाई होत. मी हावो ना. दर बुधवारी येईन गाडी."

हे बोलताना मला निकाल माहीत नव्हता. माहीत असता तरी मी हेच बोलले असते, हे मला आज पक्कं ठाऊक आहे. नर्सिंगमध्ये आयुष्य गेलं; सुई टोचण्याआधी काही दुखत नाही म्हणायची जिभेला सवय. परत येताना चढणीवर थांबलो. मोबाईल उंच धरला. डॉक्टरांचा मेसेज आला, त्यात एकच शब्द होता, "हरलो." देवाजीभाऊंनी वाचला, गाडीत बसले, आणि खूप वेळ चावी फिरवली नाही.

नंतरचे दिवस वाईट होते असंही नाही. काही झालंच नाही, हाच त्यांचा वाईटपणा. धान घरात आलं, मळणी झाली, तणसाचे ढीग रचले गेले. गाडी चालत होती. डॉक्टर रोज सकाळी कॉम्प्युटर उघडायचे आणि आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. जोगीचं वजन वाढलं. ती मोठ्यानं बोलायला लागली, गावातल्या बायांशी भांडायला लागली. बुधवारी मी तिला बघितलं की मला बरं वाटायचं आणि लगेच कसंतरी व्हायचं.

जानेवारी संपता संपता पत्र आलं. इंग्रजीत, चार ओळींचं. काम आजपासून थांबवा. उद्यापासून नाही, आजपासून. डॉक्टरांनी ते दोनदा वाचून दाखवलं.

"म्हंजे बुधवारी जाचं नाई?" देवाजीभाऊंनी विचारलं.

"नाही."

"डिझेल त टाकीत भरून हाये."

"भाऊ, गाडी हलवायची परवानगी नाही."

देवाजीभाऊंनी चावी टेबलावर ठेवली. ती पांढरी गाडी अंगणात उभी राहिली आणि आठवडाभरात ट्रकांच्या धुळीनं लाल झाली.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, सगळ्या आजाऱ्यांना निरोप पाठवा की यापुढे गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यातून स्वतः न्यायच्या. मी सगळ्यांना पाठवला. जोगीला पाठवताना माझा हात अडला. तीन महिन्यांपूर्वीच मी तिला शब्द दिला होता. तिकडे कोर्टात काहीतरी चाललंय, महिना दोन महिन्यांत सुरळीत होईल, असं बातम्यांत म्हणत होते, आणि मला ते खरं वाटायला हवं होतं. देवाजीभाऊ निरोप द्यायला स्वतःच्या मोटारसायकलवर निघाले होते, त्यांच्याजवळ मी तिच्या महिनाभराच्या पुड्या दिल्या आणि सांगितलं, "तिले म्हना, गाडी बिघडली हाये. दुरुस्त झाली का येते."

देवाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "असंच सांगू?"

"असंच सांगा. घाबरंन ते नाई त."

त्यांनी तसंच सांगितलं. दोन महिने मी भाड्याच्या खोलीत वाट बघत बसले, मग सामान बांधून ब्रह्मपुरीला आले. जाण्याआधी एकदा जोगीकडे जायला हवं होतं. गेले नाही. तिच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटत होती, आणि लाजेला मी काम आहे, बस नाही, ऊन आहे अशी नावं दिली. तालुक्याच्या दवाखान्याच्या यादीत तिचं नाव आहे, कुणीतरी बघेलच, असंही म्हणाले. कुणीतरी, हा फार सोयीचा माणूस असतो.

ते वर्ष मी कसं काढलं ते सांगण्यासारखं नाही. दवाखान्यात काम असतं, माणूस विसरतो. पण धान पिवळं पडलं, मागच्या बांधीत कुणीतरी डबा वाजवला, आणि मी अंथरुणात उठून बसले. चार रात्री अशा काढल्या. पाचव्या दिवशी दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि गडचिरोलीची बस धरली. जाताना दवाखान्याच्या लॅबमधून थुंकीच्या नमुन्याच्या दोन बाटल्या पिशवीत टाकल्या. कशाला, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

देवाजीभाऊ आलापल्लीला भेटले. ते आता लोखंडाच्या दगडाचा ट्रक चालवतात. रात्रपाळी. थकलेले दिसले, पण मोटारसायकल घेऊन आले. "आता रातभर जागाची पक्की नोकरी लागली, बाई," म्हणाले. पुढे रस्ताभर बोलले नाहीत. चढणीवर मोहाच्या झाडाखाली दोन माणसं हात वर करून उभी होती.

जोगी शेतातच सापडली, विळा हातात. मला बघून ती हसली आणि लगबगीनं बांधावरून आली. अंगानं भरलेली, चालण्यात जोर. आणि तिचा रंग उजळला होता. तोंड, मान, हात, सगळं पुन्हा पूर्वीसारखं गव्हाळ. तिनं सवयीनं हात पुढे केले आणि म्हणाली, "पाहा बाई, रंग गेला."

मी तिचे हात धरून उभी राहिले. तिला वाटलं मला ऊन लागलं, तिनं मला पाणी दिलं. मी विचारलं, गोळ्या कधी सोडल्या? ती म्हणाली, सोडल्या नाहीत, संपल्या. दिलेल्या पुड्या संपल्यावर ती दर बुधवारी सकाळी नाल्यापर्यंत जाऊन बसायची. गाडी दुरुस्त होऊन येणार होती ना. मग मोहफुलं पडू लागली, वेचायला पहाटे जावं लागायचं, मग तेंदूपानाचा हंगाम आला. तोवर खोकला गेला होता. भूक लागत होती. कोरड्या आवाजात ती सगळं सांगत होती, तिला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

तेवढ्यात माळ्यावर कुणीतरी खोकलं.

नर्सला खोकला ओळखायला बघावं लागत नाही. सर्दीचा वरवरचा असतो. हा खालून येत होता, ओला, थांबून थांबून, आणि खोकणाऱ्याला आता त्याची सवय झाली होती.

"कोण आहे?"

"पोरगी," जोगी म्हणाली. "रातची थंडी लागली. मह्यासंग जागलीले राह्यते ना. एकाच घोंगड्यात निजतो आमी."

मी माळ्याजवळ गेले. तेरा चौदा वर्षांची झाली असेल. गालाची हाडं वर आलेली. किती दिवस, विचारलं, तर तिनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, दसऱ्याच्या आधीपासून. मी पिशवीतून बाटल्या काढल्या, पोरीला बांधाच्या पलीकडे मोकळ्या वाऱ्यात नेलं, खोल श्वास घेऊन खोकायला सांगितलं. दोन्ही बाटल्यांत नमुना आला. एकीत रक्ताचा बारीक लाल दोरा होता. झाकणं घट्ट लावली, बाटल्या कागदात गुंडाळल्या, मग पिशवी मांडीवर धरून बांधावर बसले. देवाजीभाऊ लांब उभे राहून विडी ओढत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते.

जोगी माझ्याशेजारी येऊन बसली. तिला आता कळलं होतं. वर्षभर तिनं माझ्यासमोर त्या गोळ्या गिळल्या होत्या. त्या बाटलीत काय बघतात ते तिला सांगायची गरज नव्हती.

"याचं कवा समजन?"

"दोन दिवसानं."

"मंग तिले बी त्याच गोळ्या?"

"त्याच. कदाचित त्याच्याहून जड. आणि तुझी बी थुंकी पुन्हा तपासा लागंन."

तिनं मान हलवली. खाली अर्धं कापलेलं धान पडलं होतं. पोरगी पुन्हा माळ्यावर चढून आडवी झाली होती.

"गाडी चालू होईन?" जोगीनं विचारलं.

माझ्या तोंडात होईन हा शब्द आला होता, तयार होता. मी तो गिळला. तिच्याकडे बघून म्हणाले, "मले मालूम नाई, जोगी."

ती उत्तराला नेहमीच वेळ घेते.

"मंग गाडी बिघडली नव्हती."

"नाई," मी म्हणाले. "बंद केली होती."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. विळ्याचं टोक तिनं मातीत रोवलं, पोरीकडे पाहिलं, आणि साध्या आवाजात म्हणाली, "तवाच सांगतलं असतं त मी पायी आली असती, बाई."